तक्रारीची वाट न पाहता

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याचा विचार साथींनी घडवला. पटकी आली की विहिरीत औषध टाका, देवीची लस टोचा, हिवतापासाठी फवारणी करा. रोग बाहेरून येतो, त्याला वेशीवर अडवायचं. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग ही शहरातल्या सुखवस्तूंची दुखणी मानली गेली. 1971 साली साथरोगतज्ज्ञ अब्देल ओमरान यांनी मांडलं की समाज बदलतो तसे मरणाचे रोगही बदलतात. साथी मागे हटतात, रेंगाळणारे रोग पुढे येतात. मांडणी मोलाची होती. पण खेड्यांची पाळी अजून यायची आहे, असा सोयीचा अर्थ तिच्यातून निघाला.

ती पाळी केव्हाच आली होती, फक्त कोणी मोजत नव्हतं. 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत कर्करुग्णांची नोंद सुरू केली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली नोंदवही. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत थांबायचं नाही, कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन विचारायचं, ही तिची रीत. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सगळ्यांत जास्त निघाला. अंगावरून जातं हे सासूलाही न सांगणारी बाई डॉक्टरला कुठून सांगणार? दुखणं अंगावर काढलं जायचं, आणि गाठ पडायची ती शेवटच्या टप्प्यावर.

मग 1999 मध्ये परांडा आणि भूम ज्यात येतात त्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास हाती घेतला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली. आठ वर्षांनी त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून नैतिकतेचा वाद झाला, आणि तो रास्तच होता. त्या 64 जणींचा हिशोब विज्ञानाच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही.

गंमत अशी, की असंसर्गजन्य म्हणून गणला जाणारा हा आजार मुळात याच एचपीव्ही विषाणूच्या संसर्गातून होतो. साथीचा रोग आणि जुनाट रोग यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी पक्की नाही.

काहीही दुखत नसलेल्या माणसाच्या दारात जायचं, हा विचार या अभ्यासात सिद्ध झाला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जळकोटसारख्या गावात आज शुगर-बीपीच्या गोळ्या न घेणारी आळी शोधावी लागेल. तिथेही हाच विचार लागू पडतो, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा तक्रार करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. आपल्या 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत मात्र अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहायची पद्धत आहे. ती स्वस्त आहे आणि मुंबईतल्या अभ्यासात तिने मृत्यू कमी केले, हे खरं. पण धाराशिवच्या अभ्यासात तिचा तसा परिणाम दिसला नव्हता. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला हा पुरावा दिला, तिथल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्ही चाचणी सगळ्यांत आधी आणि फुकट मिळायला हवी.