न जाणण्याचा दोष

पेडण्यात काय, डिचोलीत काय, टाके घालताना डॉक्टर जागा बधिर करतात. ते औषध चुकून रक्तवाहिनीत गेले वा मात्रेबाहेर झाले, तर कानात घणघणते, झटके येतात. क्वचित हृदयही थांबते. यावर उतारा आहे. श्वास सांभाळून शिरेतून वीस टक्के स्निग्ध द्रावण द्यायचे. १९९८ साली वाइनबर्ग यांनी त्याचा गुण उंदरांवर दाखवला. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने एक रुग्ण वाचल्याची नोंद झाली.

मग 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर निर्दोष ठरेल काय? मला वाटते, नाही. रुग्णाचे अज्ञान क्षम्य आहे. पण ज्याने सुई हाती घेतली, त्याने जाणण्याचे व्रतही घेतले. बांबोळीचे मोठे इस्पितळ दूर असते. थांबलेले हृदय तेवढी वाट पाहत नाही.