चप्पल कुठे निसटली

श्रीवर्धनला आत्याच्या मागच्या पडवीत सुपारीचा ढीग पडला होता. ती निवडत होती. मी पुण्याहून तिच्यासाठी मुंबईची आणखी एक अपॉइंटमेंट घेऊन आलो होतो. बॅगेतली फाईल तिला दिसू नये म्हणून बॅग आत ठेवली होती, पण चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या दप्तरात काय लपवलंय ते ओळखणारी बाई ती.

"फाईल आणलीस ना? ठेव बाजूला. आधी चहा घे."

या दुखण्याला चार वर्षं झाली. 'निसर्ग' वादळ आलं ३ जून २०२० ला, वाडी आडवी झाली, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिचे तळवे बधिर व्हायला लागले. साहजिकच सगळा गाव एकमुखाने म्हणाला, धसका घेतलाय. एक दिवस ती वाडीतून घरी आली तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. ती निसटली कुठे, हे पायाला कळलंच नव्हतं. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, म्हणून ती आता एका हाताने भिंत धरून तोंड धुते. पाच डॉक्टर झाले. मेंदूचा एमआरआय झाला, मानेचाही झाला. साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल.

"आत्या, एकदा शेवटचं जाऊ."

"शेवटचं तू तीनदा म्हणालायस. एसटीला आता बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचं काही नाही. पण रातराणीत बसून जायचं, रांगेत केसपेपर काढायचा, कुणाच्या तरी घरी पथारी पसरायची, आणि चार दिवसांनी 'नॉर्मल' असा कागद घेऊन यायचं. नॉर्मल! हातात तो कागद आणि पायात चप्पल नाही. मला एक सांग, नाव कळलं तर काय मिळणार आहे मला?"

"उपचार मिळेल."

"नसेल तर?"

"नाव कळल्याशिवाय उपचार आहे की नाही, हे तरी कसं कळणार?"

हे बोलून मी जरा खूश झालो, कारण तर्क बिनतोड होता. ती गप्प सुपाऱ्या निवडत राहिली. तर्क बिनतोड असला की ती नेहमी गप्प बसते आणि मग दुसऱ्या दाराने आत येते.

"झाडावर कोळेरोग आला की मी बोर्डो मिश्रण मारते," ती म्हणाली. "मोरचूद आणि चुना. नाव माहीत, औषध माहीत. पण वादळाने मुळासकट पडलेल्या झाडाला काय झालं, हेही मला पक्कं माहीत होतं. त्या माहितीचं मी काय केलं? लाकूड फोडलं. कळण्याच्या अशा दोन तऱ्हा असतात. तू मला कुठल्या तऱ्हेसाठी मुंबईला नेतोयस?"

मी तिला डॉ. नोशीर वाडियांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते मेंदूविकारतज्ज्ञ होते. तोल जाणारी, बोबडं बोलणारी माणसं त्यांच्याकडे येत. तोल जाण्याचे आनुवंशिक आजार तेव्हाही माहीत होते. पण वाडियांनी या माणसांचे डोळे पाहिले. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन उडी मारते. या माणसांची नजर सरकत, रेंगाळत जात होती. हे वेगळं आहे, हे त्यांनी ओळखलं, आणि १९७१ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी स्वामी यांनी मिळून नऊ कुटुंबांवर निबंध छापला.

"म्हणजे त्या नऊ घरांत आजार आधीपासून होताच," आत्या म्हणाली. "नाव नव्हतं."

"नाव नव्हतं. घराला शाप आहे, दारू पितो, असं काहीबाही लोक म्हणत असतील."

"आणि नाव मिळाल्यावर बरे झाले?"

"नाही. त्या जातीच्या आजाराचं जनुक सापडायलाच १९९६ उजाडलं. बरं करणारं औषध आजही नाही."

"मग काय मिळालं रे त्यांना?"

"शाप नाही, एवढं तरी कळलं."

"आणि पोरांना?"

इथे मी अडकलो. आई किंवा बाप यांपैकी एकाला तो आजार असला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. आता रक्ताच्या चाचणीतून ते आधीच कळू शकतं. म्हणजे पंचविशीतल्या धडधाकट पोराने ठरवायचं, की हे आपल्याला जाणून घ्यायचंय का. लग्नाआधी सांगायचं का. नावामुळे एक प्रश्न सुटला आणि तीन नवे दारात येऊन बसले.

"बघ," ती म्हणाली. हरवल्याचा आनंद तिच्या आवाजात नव्हता, हे मला नमूद केलं पाहिजे.

मग मी दुसरीकडून गेलो. म्हटलं, न कळण्याचीही किंमत असते. शेजारची आजी तुला 'बाहेरचं बघून घे' म्हणून गेली ना?

"गेली. आणि तुला सांगते, देवऋषीकडे माणसं का जातात ते मला या चार वर्षांत कळलं. तो 'माहीत नाही' म्हणत नाही. कुठली वाट, कुठला अमावास्येचा दिवस, कुणाची नजर, सगळं सांगतो. तुझ्या एका मोठ्या डॉक्टरनेही तेच केलं. रिपोर्ट उलटेपालटे केले आणि म्हणाला, टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे. दोघांनाही रिकामी जागा सहन होत नाही. एकाने भूत भरलं, दुसऱ्याने माझं मन."

त्या डॉक्टरचा मला आजही राग आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून मनाचं, हा निष्कर्षच चुकीचा. मज्जासंस्थेचं काम बिघडतं पण रचना शाबूत असते, असे आजार खरोखर असतात. त्यांत माणूस खोटं बोलत नसतो. पण तेही तपासून, त्यांच्या स्वतःच्या खुणांवरून ओळखायचे असतात. पाय उचलताना दुसरी टाच गादीवर किती जोर देते, हे हात ठेवून बघण्याची हूव्हरची खूण १९०८ पासून माहीत आहे. त्या गृहस्थांनी आत्याच्या पायाला हात लावला नव्हता.

"मला पटलेला एकच," आत्या म्हणाली, "आपला तालुक्याचा. म्हणाला, बाई, मला कळत नाही. सहा महिन्यांनी या, काय बदललं ते बघू."

"तू गेलीस?"

"तू मुंबईला नेलंस ना!"

मी चहा संपवला. खरं म्हणजे मेंदू-नसांच्या आजारात काळ हीही एक तपासणी असते. आज धूसर दिसणारं वर्षभराने स्पष्ट होतं, पण पाहणारा माणूस तोच हवा. आम्ही दर खेपेला नवा डॉक्टर गाठला, आणि प्रत्येकाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिल्याने तर, शाकाहारी आहे म्हटल्यावर, रक्त न तपासताच बी-१२ ची दहा इंजेक्शनं दिली होती. त्यानंतर केलेल्या तपासणीत बी-१२ भरपूर निघालं. इंजेक्शनानंतरचा तो आकडा मूळ कमतरता होती की नाही, हे सांगूच शकत नाही. तरी पुढच्या चारही जणांनी त्यावर 'नॉर्मल' अशी टीक केली.

"आत्या, कोपराच्या आतल्या बाजूची नस कुणी चाचपून पाहिली का? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची?"

तिचा हात सुपारीवर थांबला. बराच वेळ ती बोलली नाही.

"तू काय विचारतोयस ते मला समजतंय," ती म्हणाली. "बधिरपणा म्हटल्यावर मला पहिलं तेच आठवलं होतं. चट्टा शोधला मी अंगभर, आरशात. नाही सापडला. मग कुणाला बोलले नाही. माझ्या लहानपणी महारोग म्हटलं की माणसाचं ताट वेगळं व्हायचं, मग माणूसच. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन उभं राहिलं ते अशाच घराबाहेर काढलेल्यांसाठी ना?"

म्हणजे नावाचा उपयोग काय, हे विचारणारी माझी आत्या एका नावाला घाबरून चार वर्षं बसली होती. मला तिचा राग आला नाही, माझाच आला. कुष्ठाचा जिवाणू हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिला. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरल्याचं जाहीर झालं, आणि लोकांना वाटलं आजार संपला. संपलेला नाही. काही जणांत चट्टा येतच नाही, फक्त नस जाड होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या. उशीर झाला तर गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिला तोच आजार आहे असं नाही. बरा होऊ शकणारा आजार न बघता सोडू नये, इतकंच माझं म्हणणं होतं.

"ठीक," ती शेवटी म्हणाली, शाळेत निकाल सांगायची तशी. "जे बरं होऊ शकतं, तेवढं सगळं बघायचं. नस चाचपायला केंद्रात मी जाते, मंगळवारी. बी-१२ चं काय ते तालुक्याच्या डॉक्टरला विचारते. त्यातून काही निघालं नाही, तर दर सहा महिन्यांनी त्याच्याकडेच. तो म्हणाला मुंबईला जा, तर जाईन. तू म्हणालास म्हणून नाही."

"आणि काहीच कळलं नाही तर?"

"तर नाही कळलं. चपलेला मागून पट्टा लावून घेतलाय मी."

मी मुंबईची अपॉइंटमेंट फोन करून रद्द केली. अजूनही मला खात्री नाही की बरोबर केलं. तिला मी एकच गोष्ट करायला लावली: एक वही, त्यात कधी काय होतं ते लिहायचं. शाळेची जुनी, निम्मी कोरी वही तिने कपाटातून काढली आणि त्याच रात्री पहिली नोंद केली. तारीख, वेळ, आणि खाली: 'दोन्ही तळवे, घोट्यापर्यंत. डावा जास्त.'