प्रश्न आजोबांना विचारा

दवाखान्यात कमी ऐकू येणारे आजोबा खुर्चीवर बसलेले असतात, मुलगा शेजारी उभा. डॉक्टर मुलाला विचारतात, “यांना झोप लागते का? पोट साफ होतं का?” आजोबा एकदा डॉक्टरांच्या ओठांकडे बघतात, एकदा मुलाच्या. दुखणं त्यांचं, गोळ्या त्यांनाच घ्यायच्या. बोलणं मात्र परस्पर चाललेलं. कुणाच्या मनात वाईट नसतं, वेळ वाचावा एवढंच. पण तेवढ्या वेळात एका जाणत्या माणसाचा स्वतःच्या देहाविषयी बोलण्याचा हक्क आपण काढून घेतलेला असतो.

“ऐकू येतं गं, पण कळत नाही,” असं म्हातारी माणसं सांगतात. घरचे म्हणतात, “हवं ते बरोबर ऐकू येतं!” हा आरोप फार जिव्हारी लागतो, आणि तो खोटा आहे. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी वयानुसार मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. स्वर बराच काळ टिकतात. म्हणून ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. ओरडल्यानं स्वरच मोठे होतात, आणि समोरच्याला पोचतो तो फक्त आपला राग. त्यापेक्षा टीव्ही बंद करावा, उजेडात समोर बसावं, सावकाश बोलावं.

हे झालं नाही की माणूस विचारणंच सोडतो. लग्नकार्याला जाणं टाळतो, पंगतीत उगाच हसतो. प्रश्न एकटेपणापुरता राहत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2020 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या 12 घटकांत श्रवणदोष धरला. अमेरिकेतल्या 2023च्या एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्रांचा सरसकट फायदा दिसला नाही. मात्र ज्यांना धोका अधिक होता, त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत बरीच मंदावली.

यंत्र चष्म्यासारखं लावलं की झालं, असं नसतं. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी अंगावर येते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. कंटाळून ते कपाटात जातं. “एवढे पैसे घातले, आणि वापरत नाहीत,” ही तक्रार मी घरोघरी ऐकतो. त्या पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी त्यांच्याशी निवांत बोलायला कोण बसत होतं, हे सांगणारं घर क्वचितच भेटतं.