गीता चिंतन – अध्याय २, श्लोक १४ : स्वतः निवडलेलं दुःख

आज चौदावा श्लोक. तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. थोडक्यात अर्थ असा, की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख उत्पन्न होतं. ते येतं आणि जातं, टिकत नाही. म्हणून अर्जुना, ते सोस. ‘सोस’ यासाठी तिथे जे क्रियापद आहे त्याच धातूपासून ‘तितिक्षा’ हा शब्द झाला. पुस्तकात आपण सहनशीलता म्हणतो, घरात नुसतं ‘सोसणं’ म्हणतो.

दुसरा अध्याय सुरू केला तेव्हाच ठरवलं होतं, या श्लोकाशी आले की माझ्या जबड्याच्या ऑपरेशनबद्दल लिहायचं. सात महिने झाले त्याला. मध्ये दीड महिना इथलं चिंतन बंद होतं, ते त्यामुळेच.

जबड्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना आधी अपघात वाटतो. माझा अपघात नव्हता. माझा खालचा जबडा पुढे होता, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून जास्तच. पुढचे दात एकमेकांवर बसत नसत. भाकरीचा तुकडा दातांनी तोडता येत नसे, हाताने तोडून दाढेखाली सरकवायचा. कानापुढचा सांधा दुखायचा. ‘स’चा उच्चार फसायचा, आणि रोज गीता म्हणणाऱ्या माणसाला ‘स’ किती वेळा लागतो ते तुम्हीच मोजा! यावरचा उपाय म्हणजे ऑर्थोग्नॅथिक सर्जरी. आधी दीड वर्ष दातांना तारा. मग पूर्ण भूल देऊन, तोंडाच्या आतूनच, वरचा आणि खालचा जबडा कापायचा, योग्य जागी सरकवायचा आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या नि स्क्रूंनी बसवायचा. वरच्या जबड्याच्या छेदाला ल फोर या फ्रेंच सर्जनचं नाव आहे. हाड कुठल्या रेषांवर मोडतं ते त्याने १९०१ साली मांडलं होतं. खालचा जबडा उभा चिरून सरकवायची पद्धत १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी प्रसिद्ध केली. हे सगळं मी आधी वाचलं होतं. डॉक्टरांनीही काही लपवलं नव्हतं. संमतीपत्रावरची सही माझी.

आणि खरी अडचण तिथेच होती. आजार येतो, अपघात होतो, तेव्हा माणूस देवाला विचारू शकतो की माझ्याच वाट्याला का. मला कुणालाच विचारता येत नव्हतं. मी पैसे साठवून, तारीख घेऊन, सुट्टी टाकून हे दुखणं आणलं होतं. मग त्याबद्दल रडायचा मला अधिकार आहे का? हा प्रश्न मला त्या दिवसांत दुखण्यापेक्षा जास्त छळत होता.

पहिले तीन दिवस तर विचार करण्याइतकंही भान नव्हतं. तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त होती, डोळ्यांखालपासून गळ्यापर्यंत चेहऱ्याचा एकच गोळा. वरचे-खालचे दात रबर बँडांनी बांधलेले. नाक रक्ताने चोंदलेलं. पाठीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं. आई सिरिंजमध्ये भरून पेज, मुगाचं कढण, गाळून घेतलेली नाचणीची आंबील द्यायची, गालाच्या कडेने, दाढांमागच्या फटीतून. एक वाटी कढण संपायला पाऊण तास लागायचा. निम्मं टॉवेलवर.

दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं आणि रडणं सुरू झालं. (रडण्याचीही सोय नसते बरं का. रडलं की नाक बंद होतं आणि तोंड तर उघडत नाही.) डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती. सुजेची औषधं थांबतात, पोटात पुरेसं जात नाही, झोप तुटक, चेहरा ओळखू येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ पेशंटचं मन खाली जातं. कारण कळलं म्हणून रडू थांबत नाही, पण आपल्याला वेड लागत नाहीये एवढं तरी कळतं.

भेटायला येणारे प्रेमाने यायचे. सगळे मात्र एकच वाक्य घेऊन यायचे. “अगं, चांगल्यासाठीच केलंस ना?” “आपणच ठरवलं की मग कुरकुर करायची नाही.” एका काकांनी तर गीताच सांगितली, अठराव्या अध्यायातली, आरंभी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं ते सात्त्विक सुख. अर्थ अगदी बरोबर होता. मी मुलांच्या मॅजिक स्लेटवर ‘हो काका’ लिहून दाखवलं. दुसरं काय लिहिणार?

आता चौदाव्या श्लोकाकडे येते. श्लोकात दोन जोड्या आहेत, शीत-उष्ण आणि सुख-दुःख. दोन्ही स्पर्शातून येतात असं म्हटलंय. माझ्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शच नव्हता. खालच्या जबड्यातून जी नस जाते ती या ऑपरेशनमध्ये ताणली जाते, आणि तिची जाणीव परत यायला महिने लागतात; काहींची पूर्ण येतही नाही. हनुवटीवरून पाणी ओघळायचं ते मला आईच्या नजरेवरून कळायचं. पेज कोमट करूनच द्यायची, कारण ओठ भाजला तरी समजणार नव्हतं. म्हणजे बघा, शीत-उष्ण काहीच कळत नव्हतं. सुख-दुःख मात्र चांगलं कळत होतं! तेव्हा वाटायचं, या श्लोकात माझं दुःख बसत नाही. आता वाटतं, बसतं. मनालाही इंद्रियांतच धरतात, सहावं. आरसा, लोकांची वाक्यं, जुने फोटो हे त्याचे विषय. पण हे मला त्या खाटेवर कुणी सांगितलं असतं तर मी स्लेट फेकून मारली असती.

जुन्या फोटोंवरून आठवलं, कालचा तेरावा श्लोक. याच देहाला बालपण, तारुण्य, म्हातारपण येतं, तसाच दुसरा देह मिळतो, जाणता त्याने गोंधळत नाही. काल मी लिहिलं होतं की बालपणीचा चेहरा गेला म्हणून कुणी रडत नाही. ते खरंच आहे, पण तो हळूहळू जातो म्हणून रडत नाही. माझा एका दुपारी गेला. सूज उतरली तेव्हा आरशात जी बाई होती ती दिसायला माझ्यापेक्षा बरी होती, हे मलाही कळत होतं. ती मी नव्हते, एवढंच.

महिन्याने आत्या आली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं आणि सहज म्हणाली, “दादाची हनुवटी गेली गं.”

बाबांना जाऊन नऊ वर्षं झालीत. पुढे आलेली ती हनुवटी त्यांची होती. लहानपणी शाळेत तिच्यावरून चिडवायचे तेव्हा ते म्हणायचे, आपल्या घराण्याचा शिक्का आहे तो. आत्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट इतक्या दिवसांत माझं काहीतरी गेलंय हे तोंडाने म्हणणारी ती पहिलीच. आम्ही दोघी रडलो. आई आतून धावत आली, तिला वाटलं टाका सुटला.

त्यानंतर मला बरं वाटू लागलं. का, ते मला पुढे पहिला अध्याय पुन्हा वाचताना उमगलं.

पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. त्याच्या उत्तरार्धात अर्जुन काय सांगतो? गात्रं गळताहेत, तोंड कोरडं पडतंय, उभं राहवत नाही. हे युद्धही त्याच्यावर आभाळातून पडलेलं नव्हतं. तो तयारीने, शस्त्रं घेऊन, स्वतः रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगून तिथे आला होता. तरी त्याच्या रडण्याच्या अध्यायाला परंपरेने ‘योग’ म्हटलं, अर्जुनविषादयोग. विषाद गाळून गीता थेट उपदेशापासून सुरू करता आली असती. कुणी तसं केलं नाही.

पुढचं जास्त महत्त्वाचं. दुसऱ्या अध्यायात भगवंतांचे पहिले शब्द दोनच श्लोकांत आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या. त्यात तत्त्वज्ञान नाही, कानउघाडणी आहे. ऐन वेळी हे मळभ कुठून आलं, हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ. आणि मग काय होतं? अर्जुन उठत नाही! तो आणखी पाच श्लोक बोलतो. माझं मन गोंधळलंय, मी तुझा शिष्य आहे, मला सांग, असं स्वतः विचारतो. मग लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. त्यानंतर अकराव्या श्लोकापासून खरी गीता सुरू होते. ‘ऊठ, तुला शोभत नाही’ हे साक्षात भगवंतांनी म्हटलं तरी तेवढ्याने काम झालं नाही. आपण भेटायला गेल्यावर पाच मिनिटांत ते करायला बघतो.

कुणी म्हणेल, अकराव्या श्लोकात तर शोक करण्याजोगं नाही त्याचाच तू शोक करतोस असं सांगितलंय. हो, सांगितलंय. शेवटचा शब्द तोच आहे हे मी नाकारत नाही. पण तो अर्जुनाचं सगळं ऐकून घेतल्यानंतर आला आहे. आणि चौदाव्यात तरी ‘सोस’ म्हटलंय, ‘नाही असं समज’ म्हटलेलं नाही. येतात आणि जातात असं सांगताना, ती येतात हे आधी मान्यच केलेलं आहे.

तितिक्षेची याहून कडक व्याख्या आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत म्हटलंय की सगळी दुःखं प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं म्हणजे तितिक्षा. मी तर घड्याळ लावून पेनकिलर घेत होते आणि रात्री उशीत विलाप करत होते. या व्याख्येने मी सपशेल नापास. पण ती साधकाच्या सहा गुणांच्या यादीत आहे, ज्याने आपण होऊन ती वाट धरली त्याच्यासाठी. ती स्वतःला लावावी. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून त्याला लावण्यासाठी ती लिहिली असेल असं मला वाटत नाही.

तुलनेबद्दलही एक सांगायचं आहे. “लोकांना काय काय होतं, तुझं तर काहीच नाही,” हे मी स्वतःच स्वतःला सांगत असे. तपासणीच्या रांगेत एक गृहस्थ शेजारी होते. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर, खालचा जबडा निम्मा काढलेला. तुलना करायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता. त्यांनाही बोलता येत नव्हतं, मलाही नाही. त्यांनी माझ्या सुजेकडे बोट दाखवलं, मग पंजा आडवा धरून हळूहळू खाली आणला. उतरते, असं. दोनदा केलं, मला समजलं नाही वाटून. माझं ऑपरेशन कशासाठी, मी ते स्वतः निवडलं की काय, हे त्यांनी विचारलं नाही.

आता मौनाबद्दल, कारण ‘बरं झालं, मौनव्रत घडलं’ असंही बरेच जण म्हणाले. सतराव्या अध्यायात शरीराचं, वाणीचं आणि मनाचं असं तीन प्रकारचं तप सांगितलंय. मौन त्यात कुठे आहे? वाणीच्या तपात नाही. तिथे कुणाला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं आहे, म्हणजे बोलणंच आहे. मौन आहे मनाच्या तपात. माझी वाणी रबर बँडांनी बंद होती आणि मन दिवसभर बडबडत होतं. त्याला मौन म्हणणं हा मौनाचा अपमान. मोठ्याने पाठ म्हणता येईना म्हणून मानस जप करायला गेले. तिन्ही जपांत तो श्रेष्ठ म्हणतात. पण चौथ्या-पाचव्या मण्याला मन सिरिंज धुतली का याच्यावर जायचं. शेवटी आईच उशाशी बसून रोज एक अध्याय म्हणू लागली, आणि मी बोटांवर श्लोक मोजत ऐकत राहिले. त्यातही ती नववा अध्याय सलग तीन दिवस म्हणाली. तिला तो आवडतो. मला बोलता येत नव्हतं म्हणून खपून गेलं.

आज विचाराल तर ऑपरेशन केल्याची खंत नाही. पुन्हा विचारलं तरी हो म्हणेन. हाड दीड-दोन महिन्यांत जुळलं, भाकरी पुढच्या दातांनी तोडते, ‘स’ नीट येतो. आणि बाबांची हनुवटी गेली याचं वाईटही वाटतं. यातल्या एकाने दुसरं पुसलं जात नाही, आणि पुसायचा प्रयत्न मी सोडला आहे. आत्या येते तेव्हा आम्ही अजून त्याबद्दल बोलतो. डावीकडे ओठाखाली थोडी जागा बधिर आहे, मुंग्या येतात मधूनमधून. नस जागी होताना तसं होतं, वर्षभर वाट बघू असं डॉक्टर म्हणतात.

उद्या पंधरावा श्लोक. तेराव्यात ‘धीर’ हा शब्द होता, पंधराव्यात तो पुन्हा येतो. मधल्या चौदाव्यात, जिथे सोसायला सांगितलंय तिथेच, तो नाही. का नसेल, ते उद्या बघू.

राम कृष्ण हरी.