शेवट न दाखवणारा शेवट

'सेक्रेड गेम्स'चा दुसरा सीझन १५ ऑगस्ट २०१९ ला आला आणि बॉम्ब फुटला की नाही हे न सांगताच संपला. विक्रम चंद्रा यांच्या २००६ च्या मूळ कादंबरीत मुंबई वाचते. मालिकेने उत्तर झाकून ठेवलं. अनेकांना ती फसवणूक वाटली. मला त्यात एक प्रश्न दिसतो: निकाल माहीत नसेल, तर कृतीचं मोल कसं ठरवायचं?

गुरुजींना निकाल आधीच ठाऊक आहे. कलियुग सुधारणार नाही, मग सगळं पुसून सत्ययुग आणू. आम्हा इंजिनिअरांच्या भाषेत, बग सापडत नाही म्हणून सर्व्हरच फॉरमॅट करणं. पण इथे डेटा म्हणजे माणसं, आणि बॅकअप नाही.

शेवटच्या भागाचं नाव 'रॅडक्लिफ'. १९४७ ला रॅडक्लिफने नकाशावर रेघ ओढली, लाखो घरं तुटली. या भागात सरताजही रेघाच ओढतो. बॉम्ब थांबवायला, आपण फोनचा पॅटर्न काढतो तशा. रॅडक्लिफ रेघ ओढून भारतातून निघून गेला. सरताज बॉम्बसमोरून हलत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जालन्यात अनेकांनी मोसंबीच्या बागांना टँकरने पाणी घातलं. पावसाची हमी नव्हती. कित्येक बागा तरीही वाळल्या. म्हणून ते पाणी घालणं चूक ठरतं का?

निकाल कळला असता, तर सरताजला हिरो किंवा वेडा ठरवून आपण मोकळे झालो असतो. तो कळत नाही, म्हणून त्याचं तिथे थांबणंच तेवढं बघावं लागतं.