रॉड्रिगेझ आणि न कळलेली कीर्ती

डेट्रॉइटचा गायक-गीतकार सिक्स्टो रॉड्रिगेझ (१९४२–२०२३) याचे ‘कोल्ड फॅक्ट’ (१९७०) व ‘कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ (१९७१) हे दोन्ही अल्बम अमेरिकेत जवळजवळ खपलेच नाहीत. कंपनीने हात काढून घेतल्यावर तो जुनी घरे पाडण्याच्या, दुरुस्तीच्या कामाला लागला. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र ‘कोल्ड फॅक्ट’ गोऱ्या तरुणांच्या घरोघरी वाजत होता. गायकाने भर मंचावर जीव दिला, ही आवईही तिथे खरी मानली जाई. आपल्या तिथल्या कीर्तीची वार्ता त्याला लागली ती १९९७ नंतर, चाहत्यांनी शोधून काढल्यावर.

पूर्वपक्ष म्हणतो, यात अन्याय कसला? मायदेशाने गाणी नाकारली, परमुलखाने उचलली. आवड लादता येत नाही.

उत्तरपक्षाची तक्रार आवडीबद्दल नाहीच. रेकॉर्डी खपत होत्या, म्हणजे पैसा कुणाच्या तरी हातात पडत होता. गायकाला मात्र ना पैसा मिळाला, ना साधी खबर.

पैशाचे कोर्ट पाहील, पूर्वपक्ष म्हणतो, खबरीचे बोला. १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कलावंतांना दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते. रॉड्रिगेझला आपली तिथली कीर्ती कळली असती, तर तिथे गेल्यास बहिष्कार मोडल्याचा ठपका, न गेल्यास हक्काच्या श्रोत्यांना मुकणे. अज्ञानाने त्याला वाचवले.

पेच अवघड म्हणून माणसाला तो ठाऊकच नसावा, हे उत्तरपक्षाला मान्य नाही. अमेरिकन गायक पॉल सायमनने बहिष्कार असताना जोहान्सबर्गला जाऊन कृष्णवर्णीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले; त्यातून आलेल्या ‘ग्रेसलँड’ (१९८६) या अल्बमवर टीकेची झोड उठली आणि तिला उत्तर द्यायला तो स्वतः उभा राहिला. रॉड्रिगेझला ती संधी मिळाली नाही.

पूर्वपक्ष पुन्हा अज्ञानाच्या फायद्याकडेच येतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नभोवाणीच्या संग्रहात रॉड्रिगेझचे ‘शुगर मॅन’ हे गाणे वाजू नये म्हणून रेकॉर्डवरचा तेवढा भाग ओरखडून ठेवला होता. अशा देशात त्या आवाजामागे माणूस दिसत नव्हता, म्हणूनच प्रत्येकाला तो आपला वाटला. मुलाखती देणाऱ्या, दौरे करणाऱ्या गायकाला ते साधले असते का?

उत्तरपक्ष विचारतो, श्रोत्यांना मेलेला गायक हवा होता, म्हणून जिवंत गायकाने डेट्रॉइटमध्ये राडारोडा उपसायचा?

यावर पूर्वपक्ष ऑस्ट्रेलिया पुढे करतो. तिथे १९७९ आणि १९८१ मध्ये रॉड्रिगेझने दौरे केले होते. त्याच्यावरच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) या ऑस्करविजेत्या माहितीपटाने हे गाळले, आणि ते खटकणारेच आहे. टाळ्या ऐकून आलेला हा माणूस पुन्हा त्याच कामावर गेला. १९९८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यानंतरही तो डेट्रॉइटमधल्या आपल्या जुन्याच घरात राहिला. मिळालेला बहुतेक पैसा त्याने आप्तमित्रांना वाटल्याचे माहितीपटच सांगतो. मग कीर्ती उशिरा कळल्याने त्याचे नेमके काय गेले?

वाटायला हातात आधी काहीतरी यावे लागते, एवढे उत्तरपक्ष म्हणू शकतो. पण रॉड्रिगेझला त्याहून अधिक काही हवे होते का, याचे उत्तर उत्तरपक्षाकडे नाही.