परतणाऱ्या खेळाडूच्या अटी

15 एप्रिल 2011. त्या शुक्रवारी अमेरिकेतल्या अनेक पोकरपटूंनी नेहमीचं संकेतस्थळ उघडलं, तर पडद्यावर पत्त्यांऐवजी सरकारी जप्तीची सूचना झळकत होती. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे सरकारी वकील प्रीत भरारा यांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या तीन बड्या कंपन्यांच्या चालकांवर खटला भरला होता. पोकरच्या जगात तो दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वाट काढत 2003 साली जागतिक स्पर्धेचं 25 लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं, तेव्हापासून आलेली ऑनलाइन पोकरची लाट अमेरिकेपुरती तिथे थांबली.

त्या लाटेत जे विशी-पंचविशीचे होते, ते आज चाळिशीच्या आसपास आहेत. नोकरी स्थिर आहे, मुलं शाळेत जातात आणि रात्री तासभर डोक्याला खाद्य हवं असतं. त्यांच्यातल्या काहींना पुन्हा खेळावंसं वाटतं, तेही पाच-दहा सेंटच्या टेबलावर. यात गैर काही नाही असं माझं मत आहे. पोकर हा बुद्धीचा, संयमाचा आणि माणूस वाचण्याचा खेळ आहे. पण पहिल्यांदा खेळायला बसणं वेगळं आणि परतणं वेगळं. नवखा भीतभीत बसतो. परतणाऱ्याला मात्र जुने डाव आठवत असतात, जुनी हार सलत असते आणि आपल्याला हा खेळ येतो ही खात्रीही असते. त्यामुळे सुरक्षिततेचा विचार त्याने नवख्यापेक्षा अधिक काटेकोरपणे करायला हवा.

पहिला प्रश्न पैशाचा. पडद्यावर ‘शिल्लक 200 डॉलर’ असं दिसतं, तेव्हा ते पैसे नेमके कुठे असतात? फुल टिल्टच्या खेळाडूंना हा प्रश्न फार उशिरा पडला. कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे 39 कोटी डॉलर देणं लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत होते जेमतेम 6 कोटी. खेळाडूंचा पैसा वेगळा ठेवलेलाच नव्हता. पोकरस्टार्सने आपल्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत परत केले. फुल टिल्टच्या अमेरिकी खेळाडूंना पहिली रक्कम मिळायला 2014 उजाडलं आणि तीही पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून फुल टिल्टची मालमत्ता आपल्याकडे घेतली म्हणून. पडद्यावरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसत होता. फरक होता तो त्या आकड्यामागे पैसा आहे की नाही एवढाच.

आज या प्रश्नाला अमेरिकेत कायदेशीर उत्तर आहे, पण ते मोजक्याच राज्यांत. नेवाडा आणि न्यू जर्सीत 2013 साली परवानाधारक ऑनलाइन पोकर सुरू झालं, 2019 साली पेनसिल्व्हेनियात आणि 2021 साली मिशिगनमध्ये. या राज्यांनी आपसांत करार करून खेळाडूंचे गट एकत्र आणले आहेत, त्यामुळे छोट्या टेबलांवरही माणसं मिळतात. परवाना देणारी यंत्रणा खेळाडूंचा पैसा कंपनीच्या पैशापासून वेगळा ठेवायला लावते, सॉफ्टवेअर तपासते आणि तक्रार ऐकून घेते. तुम्ही कुठे राहता याला इथे महत्त्व नाही, त्या क्षणी कुठे आहात याला आहे. जर्सी सिटीत राहणारा माणूस घरात बसून खेळू शकतो. तोच हडसन नदीखालून रेल्वेने मॅनहॅटनला पोचला की अॅप त्याला टेबलावर बसू देत नाही, कारण न्यूयॉर्क राज्याने ऑनलाइन पोकरला परवानगी दिलेली नाही. ठिकाण लपवणारं सॉफ्टवेअर वापरून ही अडचण ओलांडायला जाणारा आपलं खातं आणि त्यातले पैसे, दोन्ही पणाला लावतो.

उरलेल्या राज्यांतल्या लोकांना परदेशी बेटांवर नोंदलेली संकेतस्थळं खुणावत असतात. ती क्रिप्टोत पैसे घेतात, फारशी चौकशी करत नाहीत आणि मोठे बोनस देतात. 2015 साली लॉक पोकर नावाचं असंच एक संकेतस्थळ खेळाडूंचे पैसे बुडवून बंद पडलं आणि दाद मागायला कोणतंही दार उरलं नाही. वॉशिंग्टनसारख्या राज्यात तर ऑनलाइन जुगाराबद्दलचा 2006 चा कायदा फार कडक आहे. ग्रीन कार्डावर असलेल्या आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याची अट असते आणि बेकायदा जुगार हे उत्पन्नाचं मुख्य साधन असणं किंवा जुगाराच्या गुन्ह्यांत दोनदा दोषी ठरणं त्या अटीच्या आड येतं. दहा डॉलरच्या करमणुकीसाठी बेकायदा वाटेवर पाऊलही टाकू नये. आपल्या राज्यात परवाना नसेल तर न खेळणं हाच सुरक्षित खेळ, हे मी ठामपणे सांगेन. भारतात तर 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली आहे.

दुसरा प्रश्न खेळाचा. दीड दशकात खेळ पार बदलला. 2019 साली कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेल्या प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर नामवंत व्यावसायिकांना हरवलं. सर्वोत्तम चाल मोजून दाखवणारी सॉफ्टवेअर आज कोणालाही विकत मिळतात आणि दहा सेंटच्या टेबलावरची मुलंही त्यावर घोटून आलेली असतात. 2008 साली ज्या समजुतीवर पैसे मिळत, ती आज बाळबोध ठरते. म्हणून जुन्या विजयांची आठवण हा परतणाऱ्याचा सगळ्यात वाईट सल्लागार असतो.

आता पाच-दहा सेंटचं, म्हणजे डावाची सक्तीची पहिली बाजी तेवढी असलेलं टेबल जवळून पाहू. तुम्ही दहा डॉलर घेऊन बसलात. एका डावात पॉट, म्हणजे सगळ्यांनी लावलेली एकूण रक्कम, आठ डॉलरचा झाला, तर कंपनी आपला वाटा, म्हणजे ‘रेक’, साधारण पाच टक्क्यांनी कापते. चाळीस सेंट गेले. तुमच्या तोडीचे पाच जण समोर असतील, तर रात्रभर पैसे तुमच्यातच फिरतात आणि दर डावाला थोडे थोडे आटत जातात. बरोबरीचा खेळाडू इथे हरतोच. समजा तुम्ही खरोखर सरस आहात आणि दर शंभर डावांमागे सरासरी 50 सेंट कमावता. हजार डाव खेळायला एका टेबलावर बारा-तेरा तास लागतात. त्यातून अपेक्षित कमाई पाच डॉलर, आणि नशिबाचे हेलकावे मात्र दोन्ही बाजूंना सहज पंचवीस-तीस डॉलरचे. म्हणजे इतके तास चांगलं खेळूनही तुम्ही तोट्यात असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. हे गणित ज्याला मनापासून मान्य आहे, तो हरलेल्या रात्री शांत झोपतो. ज्याला ते मान्य नाही, तो हरलेले दहा डॉलर परत मिळवायला पंचवीस-पन्नास सेंटच्या टेबलावर जातो. पोकरमधले बहुतेक अनर्थ इथूनच सुरू होतात.

करांचंही पाहायला हवं. 2025 मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार 2026 पासून जुगारातल्या तोट्याची नव्वद टक्केच वजावट मिळते. वर्षभरात तीन हजार जिंकले आणि तीन हजार हरले, तरी तीनशे डॉलर उत्पन्न धरलं जाणार. खर्चांची तपशीलवार वजावट न मागणाऱ्याला तर तोट्याची काहीच सूट नाही. म्हणून प्रत्येक बैठकीची तारीख, टेबल आणि जमाखर्च वहीत मांडावा. ही वही कराच्या कामी येईल, पण त्याआधी ती तुम्हाला तुमच्याबद्दलचं सत्य सांगेल.

तिसरा प्रश्न मनाचा, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. महाभारतात युधिष्ठिर सर्वस्व हरला. धृतराष्ट्राने ते सगळं परत दिलं आणि पांडव घरी निघाले. वाटेत पुन्हा बोलावणं आलं, आणि शकुनीचे फासे पाहून झालेले असूनही तो परत येऊन बसला. वनवास घडला तो या दुसऱ्या खेळामुळे. अटी समोरच्याने ठरवल्या होत्या आणि नाही म्हणण्याची वाट आपल्याला मोकळी आहे असं युधिष्ठिराला वाटलंच नाही. परतणाऱ्याने शिकायचं ते एवढंच, की अटी आपण ठरवायच्या आणि बसण्याआधी ठरवायच्या.

न्यू जर्सीच्या नियमांत यासाठी एक फार शहाणी तरतूद आहे. भरणा, खर्च आणि वेळ यांवर खेळाडू स्वतःची मर्यादा घालू शकतो. मर्यादा कमी केली तर ती फार तर पुढच्या वेळी खात्यात शिरताना लागू होते. वाढवायची असेल तर आधीच्या मर्यादेची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. आठवड्याला वीस डॉलर ठरवले असतील, तर मंगळवारी रात्री पिसाळून शंभर भरता येत नाहीत. आठवडा संपेपर्यंत बहुतेकांचं डोकं थंड झालेलं असतं. सकाळच्या शहाण्या माणसाने रात्रीच्या तापलेल्या माणसाला घातलेला हा लगाम आहे. हे जमत नसेल तर वर्षासाठी किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला खेळातून बाहेर काढून घेण्याची सोयही तिथे आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

तेव्हा परतायचं असेल, तर आधी परवाना पाहा. महिन्याची रक्कम ठरवा, आणि ती गेली तर नाटकाच्या तिकिटासारखी गेली असं मानता येईल एवढीच ठेवा. पहिला डॉलर भरण्याआधी खात्यावर मर्यादा लावा. जमाखर्चाची वही दर महिन्याला बायकोला किंवा नवऱ्याला दाखवा. ज्या दिवशी ती लपवावीशी वाटेल, त्या दिवशी खेळ थांबवा आणि 1-800-गॅम्बलर (GAMBLER) या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. छोट्या रकमेचा खेळ छोटाच ठेवणं हे ज्याला जमतं, त्याने खुशाल परतावं. ज्याला ते जमत नाही, त्याने परतू नये.